हनुवटीखालचं बोट

नीना पेत्रोव्ना,

काल तुमचा नववा दिवस झाला, आज आमचा दहावा. एकाच घरात एकाच माणसाचे दोन वेगळे दिवस पाळायचे म्हणजे काय, हे तुमच्या मुलाला आणि मला आत्ता कळतंय. काल कोस्त्याने गहू शिजवून त्यात मध आणि बेदाणे घातले, तुमच्याकडची रीत म्हणून. चव घेतली तर आमच्या गव्हाच्या खिरीची दूरची बहीण निघाली. आज सकाळी मी भाताचा घास डेकच्या कठड्यावर ठेवला. दहाव्याला कावळा शिवला की गेलेल्या माणसाची इच्छा राहिली नाही, असं आमच्याकडे मानतात. पण रेडमंडचे हे अमेरिकन कावळे पिझ्झाची कडसुद्धा सोडत नाहीत, तेव्हा त्यांच्याकडून कसला निकाल लागणार? मी दार लावून वळते न वळते तोच घास गेला. म्हणजे तुमची इच्छा राहिलेली नाही म्हणे. मला हे पटलेलं नाही, आणि तुम्हालाही पटलं नसतं.

इच्छा राहिली आहे. माझ्यामुळे राहिली आहे. तेच सांगायला बसले आहे, कारण दुसऱ्या कोणाला सांगायची सोय मी स्वतःच बंद करून टाकली.

तुम्हाला मी कधी आई म्हटलं नाही, सासूबाई तर नाहीच. पहिल्याच भेटीत तुम्ही बजावलंत की मान द्यायचा असेल तर नाव आणि वडिलांचं नाव, असं जोडीने घ्यायचं. मला ते लगेच जमलं. सांगलीच्या शाळेत हजेरीपासून आम्ही वडिलांचं नाव मधे लावूनच मोठे होतो. तुम्ही मात्र अश्विनीची आशेंका करून टाकलीत आणि तेरा वर्षं तेच चालवलंत. तुमचं इंग्रजी लायब्ररीतल्या मोफत क्लासचं, माझं ऑफिसमधलं. त्या दोन तुटक्या इंग्रजींवर आपण काय काय बोललो, याचं मला आता नवल वाटतं.

तुम्ही आमच्याकडे राहायला आलात त्या पहिल्या महिन्यात तुमच्या पांढऱ्या ब्लाउजवर वरण सांडलं. मी नको नको म्हणेपर्यंत तुम्ही डागावर साबण चोळलात, आणि हळदीचं जे होतं ते झालं. डाग लालभडक. मी सॉरी सॉरी म्हणत होते आणि तुम्ही वॉशिंग मशीनला टेकून खाली बसलात, इतकं हसू येत होतं तुम्हाला. मग डोळे पुसत म्हणालात, "आशेंका, हे माझ्या देवाचं रक्त."

त्या दिवशी मला कळलं की तुम्ही नुसत्या रसायनशास्त्राच्या शिक्षिका नव्हता. व्होल्गाकाठच्या तुमच्या गावात, कम्युनिस्ट राजवटीत, तुम्हाला आणखी एक काम लावून दिलेलं होतं. कारखान्यांत आणि सामुदायिक शेतांवर जाऊन व्याख्यानं द्यायची, धर्म कसा थोतांड आहे ते सांगायचं, आणि शेवटी काचेच्या भांड्यात स्वच्छ पाण्याचं रक्त करून दाखवायचं. लोक टाळ्या वाजवायचे. मी तुम्हाला म्हटलं, माझे वडील सांगलीजवळच्या खेड्यांत स्कूटरवरून फिरून हेच करतात. लिंबातून रक्त काढतात, नारळ पेटवतात, भोंदू बुवांची हातचलाखी उघडी पाडतात. तुमचा विश्वास बसेना. व्याही-विहिणीचं असं गोत्र जुळलेलं मी तरी दुसरीकडे पाहिलं नाही.

मग तो व्हिडिओ कॉल. बाबांनी उत्साहाने कॅमेऱ्यासमोर लिंबू कापून दाखवलं, तुम्ही सुरीला आधी काय लावलंय ते अचूक सांगितलंत, बाबा खूश. मी मधे बसून दोन्हीकडचं भाषांतर करत होते. बाबा म्हणाले, "विहीणबाई, देव नाही असं आम्ही म्हणत नाही हो. बुवा लबाड आहे एवढंच दाखवतो. देवाचं ज्याचं त्यानं बघावं." मग मला विचारायला सांगितलंत, त्यांना हे करायला कोण पाठवत होतं? बाबा म्हणाले, कोण पाठवणार, उलट दोनदा दगड खाल्लेत. तुम्ही स्क्रीनकडे बघत म्हणालात, "मला न्यायला गाडी यायची."

हे वाक्य मी बाबांना सांगितलं नाही. त्यांना वाईट वाटलं असतं की बरं, तेच मला ठरवता येईना.

त्यानंतर तुम्ही हळूहळू सांगत गेलात. एका दमात कधीच नाही. भाजी निवडताना, आमच्या मीराला शाळेतून आणताना, बसस्टॉपवर पावसात उभं असताना. तुमच्या लहानपणी गावातल्या चर्चमध्ये बटाट्याचं गोदाम होतं. भिंतींवरच्या संतांच्या चित्रांवर चुना फासलेला होता, पण दर वसंतात ओल आली की चेहरे चुन्यातून वर यायचे. मग शाळेतली मुलं पाठवून पुन्हा चुना मारून घ्यायचे. तुम्ही बारा वर्षांच्या असताना तुमच्या वाट्याला एक डोळा आला होता. फक्त एक डोळा, बाकी चेहरा अजून वर आला नव्हता. तुम्ही त्यावर तीन हात चुना दिलात, घरी गेलात, आणि जेवताना तुम्हाला वाटलं की आपल्याला कोणी तरी पाहिलं. "देव आहे असं नाही वाटलं," तुम्ही म्हणालात, "कोणी तरी पाहिलं, एवढंच." तो कोणी तरी कोण, हे शोधण्यात तुमचं उरलेलं आयुष्य गेलं.

आणि शोधायचं तरी कशात? तुमचा पवित्र ग्रंथ कुठे मिळत नव्हता. मिळत होतं ते व्याख्यात्यांसाठी सरकारने छापलेलं हस्तपुस्तक. त्यात ग्रंथातली वचनं दिलेली असायची, खाली त्यांचं खंडन. तुम्ही खंडन सोडून फक्त वचनं प्रयोगवहीत उतरवून घेतलीत, आम्ल आणि अल्कलींच्या मधे मधे, कोणी वही उघडली तर कळू नये म्हणून. अठ्ठावीस वर्षं तुमचा धर्मग्रंथ तेवढाच होता: सरकारला जे जे सगळ्यात हास्यास्पद वाटलं ते ते. अमेरिकेत आल्यावर कोस्त्याने तुम्हाला अख्खा ग्रंथ आणून दिला तेव्हा तुम्ही तो आठवडाभर वाचलात आणि म्हणालात की हा फार लांब आहे. मी हसले होते. तुम्ही नव्हता हसला.

जिभेची खूण तुम्हाला शिकवली क्लावाने. ती तुमच्या प्रयोगशाळेची फरशी पुसायची. हाताने छातीवर क्रूस काढला तर नोकरी जाईल, म्हणून जीभ टाळूला लावून तोंडातल्या तोंडात काढायचा. वर, खाली, उजवीकडे, डावीकडे. तोंड मिटलेलं, चेहरा कोरा. वर्गात, सभेत, गाडीत, कुठेही. तुम्ही व्याख्यानाच्या आधी काढायचा, मग पाण्याचं रक्त करायचा, मग टाळ्या. मला हे ऐकून आधी गंमत वाटली. घरी आल्याच्या दुसऱ्या वर्षी तुमचं तोंड सारखं हलतं म्हणून मी तुम्हाला डेंटिस्टकडे नेलं होतं, आठवतं? त्याने दोन एक्स-रे काढले आणि दात उत्तम आहेत म्हणाला. तुम्ही मान डोलावलीत आणि बाहेर आल्यावर मला घट्ट मिठी मारलीत. का मारलीत ते मला पुढे तीन वर्षांनी कळलं.

ल्यूबाचं मात्र तुम्ही एकदाच सांगितलंत. तुमच्या एका मोठ्या सणाच्या दिवशी शेजारच्या शहरातलं एकुलतं एक उघडं चर्च, आणि दारात शिक्षकांना उभं केलेलं, आत जाणाऱ्या तरुण मुलांची नावं टिपून घ्यायला. तुमच्या हातात यादी. तुमची विद्यार्थिनी ल्यूबा डोक्याला रुमाल बांधून आली, तुमच्याकडे बघून थबकली, आणि आत गेली. तुम्ही तिचं नाव लिहिलंत. तिला शिक्षणसंस्थेतून काढून टाकलं, नंतर ती गाव सोडून गेली. "हात नाव लिहीत होता," तुम्ही म्हणालात, "आणि त्याच वेळी जीभ क्रूस काढत होती. आता सांग, आशेंका, दोघांतलं खरं कोण?"

मी कुकरच्या शिट्ट्या मोजत बसले.

इथे आल्यावर तुम्हाला कोण अडवणार होतं? तरी रशियन चर्चला तुम्ही दर रविवारी जायचा आणि दाराशी उभ्या राहायचा. आत कधीच नाही. दोन तास, कोट घालून, पाऊस असला तरी. मी गाडीत बसून ऑफिसच्या मेल बघायची. एकदा मात्र माझा तोल गेला. मीराला ताप होता, मला घरी जायचं होतं, आणि तुम्ही तिथे खांबासारख्या उभ्या. मी खाली उतरून तुम्हाला बोलले, फार बोलले. इतकी वर्षं झाली, राजवट गेली, तो देशही राहिला नाही, आता इथे कोण उभं आहे नावं लिहून घ्यायला? जा की आत! तुम्ही माझ्याकडे बघून एवढंच म्हणालात, "मी."

त्या भांडणाची मी माफी मागितली नाही. घरी आल्यावर तुम्ही मीराच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसलात आणि मला झोपायला पाठवलंत. तुमच्या मांडीवर तिचं डोकं होतं आणि तुमचं तोंड हलत होतं. ती माफी आज मागते. नीना पेत्रोव्ना, मला क्षमा करा, मला तेव्हा काही म्हणता काही कळलं नव्हतं.

आपला दुसरा वाद मात्र मजेचा होता, आणि तो अर्धाच राहिला. मायक्रोवेव्हच्या वरच्या कपाटात माझे देव. तुम्ही दर महिन्याला ते बाहेर काढून मीठ-लिंबाने घासायचा, कारण देवावर विश्वास आहे की नाही माहीत नाही, पण पितळेवर आहे, असं तुमचं म्हणणं. माझ्या माहेरी देव इतके लखलखीत कधी नव्हते. एकदा गणपती घासता घासता विचारलंत, तू मानतेस का? मी म्हटलं, असं कोणी विचारत नाही आमच्यात. दिवा लावायचा असतो, लावतो. "पण मानतेस का?" मी पुढचा देव तुमच्या हातात दिला. तुम्ही म्हणालात, मला आयुष्यभर नुसतं मानायला मिळालं, करायला मिळालं नाही, त्यामुळे मानते की नाही हेच तपासता आलं नाही. तू नुसतं करत आलीस, त्यामुळे तुझंही तेच झालंय. आपल्या दोघींचं मिळून एक धड माणूस होईल.

त्याच कपाटात मागे गंगेचा गडू होता. आईने काशीहून आणलेला, तांब्याचा, तोंड झाळून पक्कं बंद केलेला. मी पहिल्यांदा इकडे यायला निघाले तेव्हा तिने तो माझ्या बॅगेत कपड्यांच्या मधे खुपसला होता, आणि बाबा शेजारी उभे राहून त्या पाण्यात काय काय जंतू असतील त्याची यादी सांगत होते. कशासाठी असतो, तुम्ही विचारलंत. मी सांगितलं, माणूस जायला लागलं की तोंडात दोन थेंब घालतात. तुम्ही गडू उलटसुलट करून पाहिलात. न उघडता कसं कळतं की आत पाणी आहे? मी म्हटलं, हलवलं की वाजतं. तुम्ही कानाशी धरून हलवलात आणि बराच वेळ ऐकत राहिलात.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी आता फार दिवस नाहीत असं सांगितलं, तेव्हा तुम्ही रडला नाहीत. कोस्त्या रडला. तुम्ही मला खोलीत बोलावून दार लावायला सांगितलंत आणि एखाद्या नव्या विद्यार्थिनीला सांगावं तसं समजावून सांगितलंत. आयुष्यभर हा प्रयोग नीट झालाच नाही. तिकडे भीती होती, म्हणून जीभ क्रूस काढायची. ती श्रद्धा होती की नुसती लपवायची चटक, कळायला मार्ग नव्हता. इकडे भीती गेली तर क्रूस सवयीने निघतो. आता फक्त शेवटची वेळ उरली आहे. तेव्हा भीती नसेल, शुद्ध फारशी नसेल, हात हलणार नाही, कोणाचं नाव लिहिता येणार नाही. तेव्हा जीभ आपणहून हलली तर ते खरं. नाही हलली, तर तेही खरं.

"कोस्त्या त्याला हवं ते बघेल," तुम्ही म्हणालात, "पाद्री त्याला हवं ते. तुझा माझ्या देवाशी काही संबंध नाही आणि तू टेस्टर आहेस. तू बघ."

हे खरं होतं. सतरा वर्षं मी दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते आहे. दिसलं ते लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला धडा. तुम्ही माझं बोट धरून तुमच्या हनुवटीखाली ठेवलंत, हाडाच्या मागे जिथे मऊ असतं तिथे, आणि तोंड मिटून क्रूस काढलात. मला चारही हालचाली कळल्या. वर ताण, मग सैल, मग दोन्ही बाजूंना हलकेच. गिळताना वेगळं लागतं, तेही तुम्ही गिळून दाखवलंत. पुन्हा पुन्हा करून घेतलंत माझ्याकडून. मी ऑफिसला जाताना बसमध्ये स्वतःच्या हनुवटीखाली बोट लावून सराव करायची. समोरच्या माणसाला काय वाटत असेल ते असो.

तो दिवस मंगळवार होता. दुपारचे चार वाजत आले होते, बाहेर आपली नेहमीची झिमझिम. नर्स येऊन गेली होती. जाताना तिने बजावलं होतं की आता पाणी पाजू नका, घशात अडकेल. नुसता स्पंज ओला करून ओठांना लावा. कोस्त्या मीराला आणायला शाळेत गेला होता. मी तुमच्या उशाशी बसले होते, माझं बोट तयार होतं. खरंच तयार होतं, मांडीवर.

आणि तुमचे ओठ हलले.

मी काय केलं, नीना पेत्रोव्ना? मी टेस्टर, मी बाबांची मुलगी, मी कोणी विचारलं तर मानत नाही की मानते ते न सांगता येणारी. मी बोट लावलं नाही. मी उठले आणि स्वयंपाकघरात पळाले. कपाटातले देव बाजूला सारले, दोन खाली पडले, गडू काढला. तोंड झाळलेलं, उघडेना. कोस्त्याच्या हत्यारांच्या खोक्यातून स्क्रू-ड्रायव्हर आणि हातोडी घेतली आणि सिंकमध्ये धरून ठोकलं. माझ्या तोंडून आईला हाका चालल्या होत्या, माझ्या आईला, ती तिकडे सांगलीत झोपलेली. भोक पडलं. चमच्यात दोन थेंब घेऊन आले आणि तुमच्या ओठांत सोडले. नर्सने नको म्हटलेलं मला आठवलंसुद्धा नाही.

मग मी बोट लावलं. तेव्हा मला लागलं ते गिळणं होतं. ते मला ओळखता येत होतं, तुम्हीच शिकवलं होतं. त्यानंतर काही लागलं नाही.

ओठ हलले त्यापासून मी परत येईपर्यंत किती वेळ गेला असेल? दोन मिनिटं, तीन. त्या तीन मिनिटांसाठी तुम्ही अख्खं आयुष्य थांबला होता, आणि तिथे बघायला कोणी नव्हतं. जिला बघायला नेमलं होतं ती सिंकपाशी तांब्यावर हातोडी मारत होती.

कोस्त्या आला. त्याने तुमचा चेहरा पाहिला, गुडघ्यांवर बसला, तुमचा हात कपाळाला लावला. आपल्या ठरलेल्या प्रयोगाबद्दल त्याला सगळं ठाऊक होतं, तुम्हीच सांगितलं होतंत. खूप वेळाने त्याने वर बघून विचारलं, "हललं?" त्याचा चेहरा मला बघवेना. मी म्हटलं, हो. चारही.

तो जे रडला, नीना पेत्रोव्ना, तसं रडताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. सुटल्यासारखा रडला. त्या रडण्याकडे बघून मला वाटलं की बरं केलं. दुसऱ्या दिवसापासून मात्र तसं वाटायचं थांबलं.

आमच्या भजनी मंडळातल्या शुभदाकाकूंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "अगं, शनिवारचं भजन मी कॅन्सल केलंय, आणि तू ऑफिसला सरळ कळव, वीकभर लॉगइन करू नकोस. शेवटी पाणी तरी गेलं ना गं तोंडात?" मी म्हटलं, गेलं. "मग झालं तर. नशीबवान बाई." त्यांच्या लेखी विषय संपला. माझ्या मागे मात्र तुम्ही लागला आहात. दात घासताना, केटल लावताना, ऑनलाइन मीटिंगमध्ये कॅमेरा चालू असतानासुद्धा माझं बोट हनुवटीखाली जातं. तुमच्या खोलीवरून जाताना जीभ टाळूपासून सुटल्याचा तो बारीक टक् आवाज येतो. हीटरचा असेल, मला कळतं. मी तरी थांबते आणि तो चार वेळा येतो का ते मोजते.

मीराला मी खरं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण तिने गडू पाहिला, भोक पाडलेला, आणि विचारलं. तुमच्या लाडक्या नातीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "सो मे बी शी वॉज जस्ट थर्स्टी," ती म्हणाली. आणि माझा चेहरा बघून पुढे म्हणाली, "व्हॉट्स राँग विथ दॅट, आई? यू गेव्ह हर वॉटर." तिने बापाला काही सांगितलं नाही. अकरा वर्षांच्या मुलीला माझं गुपित सांभाळायला लावलंय मी. तुमच्या गावात मुलांना चुना मारायला पाठवायचे, त्याहून हे फार वेगळं नाही.

आणि काल ती वही. गहू-बेदाणे खाऊन झाल्यावर कोस्त्याने तुमच्या खणातून जुनी प्रयोगवही काढली. कागद पिवळे, समीकरणांच्या मधे मधे तुमची ती वचनं, पेन्सिलीने. शेवटच्या पानावर तुम्ही पट्टीने तक्ता आखलेला होता, नव्या शाईने, त्याच हिवाळ्यातला. कोस्त्या मला वाचून दाखवत होता. दिवस. वेळ. निरीक्षक: आशेंका. निरीक्षण: कोरं. आणि शेवटचा रकाना, निष्कर्ष. तो कोरा नव्हता.

प्रयोगाआधी निष्कर्ष लिहिणाऱ्या मुलांच्या वह्या तुम्ही खिडकीबाहेर फेकायचा ना? तुम्हीच सांगितलं होतंत मीराला. कोस्त्याने दोनदा वाचलं आणि मग माझ्यासाठी इंग्रजीत सांगितलं. तुम्ही लिहिलं होतं: आशेंका सांगेल ते मान्य.

म्हणजे तुम्ही आधीच मानून टाकलं होतंत. न बघता, न तपासता. बाराव्या वर्षापासून जे शोधत होता ते तुम्हाला जमलं, आणि ते कोणावर जमवलंत तर माझ्यावर. दिसलं ते सांगेल म्हणून निवडलेल्या बाईवर. मी त्या दिवशी हो म्हटलं तेव्हा मला वाटलं होतं की मी फक्त तुमच्या मुलाशी खोटं बोलते आहे.

कोस्त्या नऊ दिवसांत पहिल्यांदा हसला. त्याने पेन माझ्या हातात दिलं आणि निरीक्षणाचा कोरा रकाना दाखवला. मी नाही म्हणू शकले नाही. मी मराठीत लिहिलं, कारण तेवढंच त्या घरात फक्त माझं होतं. दुपारी चार. ओठ हलले. निरीक्षक जागेवर नव्हती. परत येऊन पाणी दिलं, ते गिळलं. त्याने विचारलं, काय लिहिलंस? मी म्हटलं, दिसलं ते. त्याने शाई वाळू दिली आणि वही तुमच्या खणात परत ठेवली.

एक ना एक दिवस मीरा ते त्याला वाचून दाखवेल. तिला मराठी वाचायला मीच शिकवते आहे, तुम्ही आजारी पडल्यापासून दर रविवारी, तुम्ही चर्चच्या दाराशी उभ्या राहायचा त्या वेळेला. चुना कितीही दिला तरी इथेही ओल येते, नीना पेत्रोव्ना. रेडमंडमध्ये तर जरा जास्तच येते.

तोवर मला एकच गोष्ट हवी आहे. कावळ्याकडून नको, तुमच्याकडून. त्या दुपारी, मी स्वयंपाकघरात पळाले तेव्हा, तुम्हाला तहान लागली होती का?